पाठ की पुळण?

तारकर्लीला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाल्यावर एका काकांच्या उघड्या पाठीचा फोटो काढला, त्यांना विचारूनच. घाम वाळून मिठाचे पांढरे ओघळ उमटलेले, कण्याच्या पन्हळीत ओली वाळू, वर सकाळचं तिरकं ऊन. मित्राने तो ॲपमध्ये टाकून ब्रशच्या फटकाऱ्यांचा केला. म्हणाला, "घे, झाला ॲबस्ट्रॅक्ट!"

कसला झाला? चित्रासारखा फोटो झाला. अमूर्त, म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट फोटो वेगळा, आणि या दोघांत गल्लत फार होते, कारण दोघेही चित्रकलेकडूनच उसनं घेतात.

पहिला चित्राची त्वचा घेतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पिक्टोरियलिस्ट मंडळी, म्हणजे फोटो चित्रासारखा दिसावा म्हणून झटणारे छायाचित्रकार, हेच करत, फक्त मेहनतीने. फ्रान्सचा रोबेर दमाशी गम बायक्रोमेट प्रिंट (डिंकात रंग मिसळून केलेली) ओली असतानाच ब्रशने रंग धुऊन काढी. त्याच्या नर्तकी पाहून नर्तकींची चित्रं काढणारा देगा आठवतो. पण नर्तकी नर्तकीच राहते. छायाचित्रकार मॅन रे याने तर १९२४ साली फ्रेंच चित्रकार अँग्रच्या चित्रांतल्या स्त्रीसारखी बाई पाठमोरी बसवली आणि पाठीवर व्हायोलिनच्या खाचा काढल्या. गंमत मोठी, पण अमूर्त नव्हे. बाई ओळखू येते, नव्हे, ती ओळखू आली तरच गंमत कळते.

अमूर्त फोटोला ब्रशची नक्कल लागतच नाही. तो लख्ख, काटेकोर असू शकतो. छायाचित्रकार बिल ब्रांटने इंग्लंड-फ्रान्सच्या गोट्यांच्या किनाऱ्यांवर बोटं, कोपर, कान रुंद भिंगाने अगदी जवळून टिपले. असं भिंग जवळचं अवाढव्य करतं नि लांबचं इवलंसं, म्हणून कोपराचा कडा होतो. शरीर तेच, पण नाव आणि माप हरवतं.

आपल्या नेरूरपारला जन्मलेल्या अमूर्त चित्रकार प्रभाकर कोलत्यांच्या चित्रांत एकच रंग जवळजवळ सगळा कॅनव्हास व्यापतो आणि कुठूनतरी आतला आकार डोकावतो. मला ती सवय उचलावीशी वाटली, रंगाचा थर नव्हे. म्हणून दुसऱ्या दिवशी काकांना पुन्हा गाठलं. डोकं, खांदे, क्षितिज सगळं चौकटीबाहेर. मोबाइल वीतभर अंतरावर. नुसतं मीठ, सुरकुत्या आणि वाळूची एक रेघ. मग फोटो आडवा फिरवला.

काकांनी स्क्रीन लांब धरून पाहिली. "ही माझी पाठ? माका वाटला, ओहोटीची पुळण."