बाहुलीचे अवधानजन्य बदल

उजेड तितकाच असतानाही चित्त एकाग्र होते तेव्हा डोळ्याच्या बाहुलीच्या व्यासात होणारे सूक्ष्म फेरफार. प्रकाशानुसार बाहुली साधारणपणे २ ते ८ मिमी. इतकी लहानमोठी होते. अवधानामुळे पडणारा फरक बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतो आणि कॅमेऱ्याखेरीज सहसा टिपता येत नाही.

आधुनिक अभ्यासाचा आरंभ सामान्यतः एकहार्ड हेस व जेम्स पोल्ट यांच्या १९६० मधील लेखापासून धरतात. डॅनियल कानेमान व जॅक्सन बीटी यांचा १९६६ मधील प्रयोग मात्र अधिक नेटका आहे. ऐकवलेल्या प्रत्येक अंकागणिक बाहुली किंचित मोठी होत गेली व ते अंक परत म्हणून दाखवताना, ओझे उतरावे तशी, टप्प्याटप्प्याने लहान झाली.

कारणमीमांसेत मस्तिष्कस्तंभातील ‘लोकस सेरुलियस’ (निळसर जागा) या इवल्या केंद्राला मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. तेथील चेतापेशी मेंदूभर नॉरॲड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन पुरवतात. ॲस्टन-जोन्स व कोहेन यांनी २००५ मध्ये या केंद्राच्या संथ, सतत क्रियेत आणि क्षणिक उसळीत भेद केला. पुढील संशोधकांनी बाहुलीचा मूळ व्यास पहिलीशी व कामाच्या वेळचा विस्फार दुसरीशी जोडला. यातूनच ‘बाहुली म्हणजे लोकस सेरुलियसची क्रिया दाखवणारा मापककाटा’ असे समीकरण रूढ झाले. ते ढोबळ आहे. माकडांवरील प्रयोगांत (जोशी व सहकारी, २०१६) बाहुलीच्या बदलांचा संबंध मध्यमस्तिष्कातील व अग्र सिंग्युलेट बाह्यकातील (मेंदूच्या बाह्य थराचा आतल्या बाजूचा एक पुढचा भाग) पेशींच्या क्रियेशीही आढळला. त्याच वर्षीच्या उंदरांवरील अभ्यासात झटपट विस्फाराशी नॉरॲड्रेनॅलिनचे तंतू, तर धावताना टिकून राहणाऱ्या विस्फाराशी ॲसिटिलकोलीन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचे तंतू निगडित दिसले. म्हणून बाहुलीला सजगतेचे संमिश्र चिन्ह मानणेच अधिक सयुक्तिक ठरते.

मेंदूच्या विस्तृत जाळ्यांशी (एकत्र काम करणाऱ्या भागांच्या समूहांशी) बाहुलीच्या असलेल्या संबंधाबाबत पुरावा विरळ आहे. अवधानाचे व ठळक गोष्टी हेरणारे जाळे आणि मन भरकटताना सक्रिय होणारे ‘डिफॉल्ट’ जाळे यांच्या चढउतारांशी बाहुलीचे नाते आढळते; पण विश्रांतीच्या व कामाच्या स्थितीत ते सारखे नसते. शिवाय मानसिक श्रमाने होणारा विस्फार एकदोन सेकंदांत शिगेला पोहोचतो, तर एफएमआरआय या मेंदूच्या क्रियेची प्रतिमा घेणाऱ्या तंत्रातील रक्तप्रवाहाचा संकेत सुमारे पाच सेकंदांनी. दोहोंची सांगड घालताना किती विलंब धरावा, यावर निष्कर्ष पालटू शकतो. त्यातच लोकस सेरुलियस अगदी लहान आणि हृदयाच्या ठोक्यांसरशी हलणाऱ्या भागात असल्याने त्याची प्रतिमा धूसर येते.