नव्या हार्ड डिस्कची विभागणी आणि फॉर्मॅटिंग

संगणकात नवी हार्ड डिस्क बसवल्यावर, विंडोज किंवा लिनक्स टाकण्याआधी तिच्यावर तीन कामे होतात. डिस्कवर विभागांचा तक्ता लिहिणे, त्या तक्त्यात विभाग म्हणजेच पार्टिशन पाडणे आणि प्रत्येक पार्टिशनवर फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली ठेवण्या-शोधण्याची मांडणी, घालणे. शेवटच्या कामाला फॉर्मॅटिंग म्हणतात. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी ही तिन्ही कामे ‘फॉर्मॅट मारणे’ या एकाच नावाखाली अर्ध्या तासात उरकली जातात. पुढची पाच-सात वर्षे त्या संगणकातला डेटा किती सुरक्षित राहणार, हे मात्र बरेचसे त्याच अर्ध्या तासात ठरते.

वरुड-मोर्शीकडचे संत्र्याचे व्यापारी, दर्यापूरची कृषी केंद्रे, चिमूर-सिंदेवाहीतली आपले सरकार सेवा केंद्रे, जिल्हा परिषदेच्या शाळा, झेरॉक्सची दुकाने, अशा अनेक ठिकाणी यंत्र जुनेच असते आणि डिस्क तेवढी नवी येते. ती नागपूरच्या सीताबर्डीतून नाहीतर अमरावतीहून आणतात, किंवा कुरिअरने मागवतात. काम बिघडले तर निस्तरायचे गावातच असते, आणि पाच-सहा जीबीची विंडोज पुन्हा उतरवून घ्यायला मोबाइलच्या नेटवर कधी कधी रात्र जाते. जुलैमध्ये पीक विम्याच्या अर्जांची झुंबड असताना सेवा केंद्राचा संगणक दोन दिवस बंद राहिला, तर त्याची झळ थेट शेतकऱ्याला बसते. शहरात दुसरे केंद्र चार पावलांवर असते, खेड्यात नसते. त्यामुळे हे काम इथे जास्त काळजीने करायला हवे.

खोक्यातून काढलेली डिस्क खरोखरच नवी आहे का, हे सगळ्यात आधी पाहावे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवते. त्यांना स्मार्ट नोंदी म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल या मोफत साधनांनी त्या दिसतात. ‘पॉवर ऑन अवर्स’ हा आकडा नव्या डिस्कवर शून्य किंवा अगदी किरकोळ असतो. तो हजारांत असेल तर डिस्क वापरलेली आहे आणि ती परत करावी. खराब झालेल्या सेक्टरांचे, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचे, आकडेही शून्य असायला हवेत. क्षमतेवरून मात्र दुकानदाराशी भांडू नये. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ५०० जीबीची ४६५ आणि २५६ जीबीची २३८. कंपनी १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट मोजते, तर विंडोज १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. सगळा फरक त्या मोजणीतला आहे, डिस्कवरची जागा कुठेही गेलेली नसते.

विभागांच्या तक्त्याचे दोन प्रकार आहेत. जुना एमबीआर १९८३ मध्ये पीसी डॉस २.० बरोबर आला. त्या वर्षीच्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क होती, आणि तक्ता त्याच मापाने बेतलेला आहे. डिस्कच्या पहिल्याच सेक्टरच्या ५१२ बाइटमध्ये ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या कोडसाठी, ६४ बाइट तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी असतात. चौसष्ट बाइटमध्ये सोळा-सोळा बाइटच्या चारच नोंदी मावतात, म्हणून एमबीआर डिस्कवर चारच मुख्य पार्टिशन होतात. शिवाय सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्याने २.२ टीबीच्या पुढची जागा त्याला मोजताच येत नाही. नवा प्रकार जीपीटी. त्यात साधारणपणे १२८ नोंदी असतात, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते आणि नोंद बिघडली तर ते तपासून कळते. पहिली प्रत खराब झाली तरी दुसरीवरून काम चालवता येते. एवढ्या एका गुणासाठीसुद्धा, यंत्र साथ देत असेल तर जीपीटीच घ्यावा.

यंत्र साथ देते का, ते त्याच्या बायोसवर, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामवर, अवलंबून आहे. यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचा बायोस, असलेले बोर्ड जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू करतात, तर कोअर टू ड्युओच्या काळातल्या जुन्या बोर्डांवर एमबीआरच चालतो. अडचण येते ती मधल्या पिढीच्या बोर्डांवर, ज्यांत दोन्ही सोयी असतात. संगणक कशावरून सुरू करायचा ते विचारणाऱ्या बूट मेनूत विंडोजचा एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी यूईएफआय लावून. डिस्कवर जीपीटी तक्ता असताना नुसत्या नावाच्या ओळीवरून सुरुवात केली, की पार्टिशन निवडताना ‘ही डिस्क जीपीटी प्रकारची असल्याने तिच्यावर विंडोज टाकता येणार नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. मग पुष्कळदा डिस्क एमबीआर करून वेळ मारून नेली जाते. खरे तर संगणक पुन्हा सुरू करून यूईएफआयवाली ओळ निवडली की काम होते.

विंडोजच्या सेटअपमध्ये रिकाम्या जागेवर टिचकी मारून पुढे गेले, तर लागणारी पार्टिशन ती स्वतःच पाडते. संगणक सुरू करण्याच्या फाइलींसाठी १०० एमबीचे फॅट३२ या फाइल सिस्टीममधले ईएफआय पार्टिशन, १६ एमबीची राखीव जागा, मग सी ड्राइव्ह आणि दुरुस्तीसाठी एक छोटे पार्टिशन. ही छोटी पार्टिशन फालतू समजून उडवू नयेत. हाताने काम करायचे झाल्यास सेटअपमध्येच शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडते आणि तिथे डिस्कपार्ट हे पार्टिशन पाडण्याचे साधन चालवता येते. ‘लिस्ट डिस्क’ म्हटल्यावर डिस्क ०, डिस्क १, डिस्क २ अशी यादी येते. त्यात कंपनीचे नाव नसते, आकार आणि मोकळी जागा असे मोजकेच आकडे असतात. जुनी ५०० जीबीची आणि नवी ५०० जीबीची डिस्क एकाच कॅबिनेटमध्ये असेल, तर दोन्हींपुढे सारखाच ४६५ जीबी आकडा असतो, आणि पेन ड्राइव्हलाही त्या यादीत क्रमांक मिळालेला असतो. ‘क्लीन’ ही आज्ञा ‘नक्की का?’ असे विचारत नाही. एका शब्दात चुकीच्या डिस्कचा तक्ता पुसला जातो. यावरचा उपाय जुनाच आणि अगदी खात्रीचा आहे. कॅबिनेट उघडून नव्या डिस्कशिवाय बाकी सगळ्यांच्या साटा केबली काढून ठेवाव्यात. याचा आणखी एक फायदा होतो. जुनी डिस्क जोडलेली राहिली तर विंडोज पुष्कळदा सुरुवातीच्या फाइली तिच्यावरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये ठेवते, आणि काही महिन्यांनी जुनी डिस्क काढली की नव्या डिस्कवरचा धडधाकट संगणक सुरूच होत नाही.

तक्ता पुसला गेला तरी डेटा लगेच जात नाही. तलाठ्याच्या दप्तरातली नोंद खोडली म्हणून वावरातली तूर उपटली जात नाही, तसेच हे आहे. अशा वेळी संगणक तिथल्या तिथे बंद करावा, त्या डिस्कवर काहीही लिहू नये आणि दुसऱ्या यंत्राला जोडून टेस्टडिस्कसारख्या साधनाने हरवलेली पार्टिशन शोधावीत. वर नवी विंडोज टाकून झाली असेल तर आशा फार कमी उरते. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, असेल तर त्याहून कमी, कारण पुसलेली जागा ती ट्रिम या सोयीमुळे आतल्या आत मोकळी करून टाकते.

किती पार्टिशन पाडावीत? १२० किंवा १२८ जीबीच्या एसएसडीचे तुकडे करू नयेत, सी ड्राइव्ह वर्षभरात भरतो. २५६ जीबीच्या डिस्कवर सीला १३०-१५० जीबी आणि उरलेले डीला द्यावे. १ टीबीवर सीला दोनशेच्या आसपास पुरे. विंडोज ११ची किमान गरज ६४ जीबीची सांगितली असली तरी तेवढ्यावर संगणक धड चालत नाही. डी ड्राइव्ह वेगळा ठेवण्याचा हेतू असा, की विंडोज बिघडली तर सी पुसून पुन्हा टाकता यावी आणि कामाच्या फाइलींना धक्का लागू नये. पण नुसता डी ड्राइव्ह पाडून हा हेतू साधत नाही, आणि नेमके इथेच नुकसान होते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर सीवर असतात. टॅलीचा डेटाही वेगळे सांगितले नाही तर सीवरच साठतो. सेवा केंद्रातले बहुतेक काम डेस्कटॉपवरच्या फोल्डरांत चालते, स्कॅन केलेले आधार, रहिवासी दाखले, सातबारे, सगळे तिथेच. ‘सी मार, डीला हात लावू नको’ असे सांगून नेमका हाच डेटा गेल्याची उदाहरणे तालुक्यातल्या कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात ऐकायला मिळतात. विंडोज टाकल्यावर लगेच या फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमधल्या लोकेशनमध्ये जाऊन त्यांची जागा डीवर हलवावी. दोन मिनिटांचे काम आहे.

जुन्या डिस्कवरून आणखी एक गोष्ट विसरून राहते, ती म्हणजे मराठी फॉन्ट. ग्रामपंचायतींचे ठराव, शाळांचे दाखले, पतसंस्थांची पत्रे वर्षानुवर्षे आयएसएम, श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेली आहेत. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाहीत. फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि फॉन्ट सीच्या फॉन्ट्स फोल्डरात राहून पुसले गेले, तर नव्या विंडोजमध्ये ठरावाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसते. फाइल शाबूत असते, वाचता येत नाही एवढेच. म्हणून डेटाबरोबर फॉन्टही काढून घ्यावेत.

डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क एकच आहे, ती मेली की सी आणि डी दोन्ही एकदमच जातात. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवरच हवी.

फाइल सिस्टीमचे सोपे आहे. विंडोजच्या पार्टिशनला एनटीएफएस, लिनक्सला ईएक्सटी४. इकडून तिकडे न्यायच्या पेन ड्राइव्हला एक्सफॅट बरा, कारण फॅट३२ वर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही आणि लग्नाचे शूटिंग तिथेच अडकते. क्लस्टरचा, म्हणजे फाइलींना जागा ज्या तुकड्यांत मिळते त्यांचा, आकार आहे तोच राहू द्यावा. जुन्या एक्सपीच्या सीडीने मात्र पार्टिशन पाडू नयेत. ती पहिले पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करते, हल्लीच्या डिस्कच्या ४ केबीच्या सेक्टरांशी ते जुळत नाही आणि डिस्क मंदावते. व्हिस्टापासूनची साधने २०४८व्या सेक्टरपासून, म्हणजे बरोबर १ एमबीवर सुरुवात करतात.

क्विक फॉर्मॅट काही सेकंदांत फाइल सिस्टीमची मांडणी लिहून मोकळा होतो. फुल फॉर्मॅट सगळ्या जागेवर शून्ये लिहितो आणि खराब सेक्टर शोधतो. १ टीबीच्या फिरत्या डिस्कला त्यासाठी दोन-तीन तास लागतात. नव्या फिरत्या डिस्कवर तो एकदा करावा, कारण दोष वॉरंटीच्या आतच कळलेला बरा. एसएसडीवर क्विक पुरे. मध्येच लाइन गेली तर नव्या डिस्कचे काही बिघडत नाही, फॉर्मॅट पुन्हा सुरू करता येतो. धोका असतो तो भरलेले पार्टिशन लहान-मोठे करताना किंवा सरकवताना. फाइली अर्ध्या नव्या जागी, अर्ध्या जुन्या जागी असताना वीज गेली तर दोन्हीकडचे जाते. पावसाळ्यात विजा कडाडत असताना आणि यूपीएसची बॅटरी उतरलेली असताना हे काम हाती घेऊ नये. उन्हाळ्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांवर जातो. फिरत्या डिस्कची सोसण्याची मर्यादा बहुधा ६० अंश असते, आणि पत्र्याखालच्या खोलीत बंद कॅबिनेटमधली डिस्क तासन्‌तास लिहीत राहिली की त्या आकड्याजवळ पोचू शकते. फुल फॉर्मॅट पहाटे लावावा.

विंडोज १०ची मोफत सुरक्षा अद्यतने सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे शाळांतल्या कितीतरी यंत्रांना लिनक्स हाच नीट मार्ग आहे. लिनक्स मिंट आहे, सी-डॅकचे बॉस आहे. तिथे मूळ पार्टिशन आणि ‘होम’ वेगळे ठेवले की विद्यार्थ्यांच्या फाइली न हलवता नवी आवृत्ती टाकता येते. दोन्ही प्रणाली ठेवायच्या तर आधी विंडोज, मग लिनक्स. विंडोज ११ असलेल्या यंत्रावर आणखी एक गोष्ट बघावी. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर अनेक यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जाते. खाते दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडले असेल, तर किल्लीही त्याच्याकडेच राहते. ती उतरवून केंद्रातल्या वहीत लिहून घ्यावी.

काढलेली जुनी डिस्क विकायची किंवा कोणाला द्यायची असेल तर क्विक फॉर्मॅटवर विसंबू नये. सेवा केंद्राच्या डिस्कवर गावातल्या माणसांची आधार कार्डे आणि बँक पासबुके असतात, आणि मोफत साधनांनी ती परत काढता येतात. फिरत्या डिस्कवर फुल फॉर्मॅट किंवा डिस्कपार्टची ‘क्लीन ऑल’ आज्ञा चालवावी. एसएसडीसाठी कंपनीच्या साधनातली सिक्युअर इरेजची सोय वापरावी. बंद पडलेल्या डिस्कवर यातले काही चालत नाही, ती भंगारात देण्याआधी झाकण उघडून आतल्या तबकड्या तोडाव्या लागतात.