सहा ठिपक्यांचा भुईभुंगेरा

भारतातल्या कोरड्या माळांवर आणि काटेरी झुडपांच्या विरळ रानात राहणारा, उडता न येणारा मोठा शिकारी भुंगेरा. शास्त्रीय नाव अँथिया सेक्सगुटाटा, कुल (कुटुंब) कॅराबिडी. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १७७५ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. अँथिया प्रजातीतल्या बहुतेक जाती आफ्रिकेत आहेत.

लांबी साधारण ४ सेंमी., रंग काळा. पांढरे ते फिकट पिवळे सहा ठिपके असतात, त्यांपैकी दोन छातीच्या ढालीवर आणि चार पाठीवर. पाठीवरचे टणक पुढचे पंख एकमेकांना जुळून गेलेले असल्याने ते उघडतच नाहीत. त्यामुळे पळ काढायला लांब, मजबूत पाय आणि बचावाला आम्ल, एवढ्यावरच त्याची भिस्त असते. पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथींतून तो फॉर्मिक आम्लयुक्त फवारा मारतो. त्वचेवर आग होते. डोळ्यांत गेल्यास लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे डोळे धुवावेत आणि डॉक्टरांना दाखवावे. किड्याला बोटांनी उचलून चेहऱ्याजवळ नेणे ही नवख्यांची नेहमीची चूक. पोटाचे टोक नेमके तोंडाकडे होते.

हे ठिपके म्हणजे शत्रूला दिलेला इशाराच. भारतातल्याच थेरिया पेटिव्हेरियाना या काळ्या-पांढऱ्या झुरळाचे रूप या भुंगेऱ्याची नक्कल असावे, असे मानले जाते. पाहणाऱ्यांचीही इथेच फसगत होते. झुरळ आकाराने लहान आणि गोलसर असते, त्याच्या पाठीवर सात ठिपके असतात आणि पुढे आलेले जबडे त्याला नसतात. भुंगेऱ्याचे डोके मोठे, कंबर स्पष्ट आणि जबडे वरून पाहतानाच दिसतात. ठिपक्यांचे वाघभुंगेरे चटकन उडून जातात. हा कधीच उडत नाही. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात तर हेलिओबोलस लुगुब्रिस या सरड्याची पिल्ले तिथल्या अँथियांसारखी काळी-पांढरी असतात आणि पाठ कमानीसारखी उचलून त्यांच्यासारखीच चालतात. मोठी झाल्यावर ही चाल सुटते.

नोंदीसाठी जमिनीत पुरलेला पेला हा सर्वांत भरवशाचा सापळा. तोंड ८ ते १० सेंमी. रुंद आणि खोली निदान १२ सेंमी. असावी, उथळ पेल्यातून एवढा मोठा किडा बाहेर येतो. पेल्याची कड मातीशी समपातळीत किंवा किंचित खाली ठेवावी. पावसाने भोवतालची माती बसली की कड वर डोकावते, आणि भुंगेरा मिशांनी ती चाचपून वळसा घालून जातो. म्हणून प्रत्येक सरीनंतर कड पुन्हा बुजवावी. वर दोन-तीन सेंमी. उंचीवर झाकण टेकवावे, तळाला ओलसर माती आणि काही सुकी पाने घालावीत, आणि ऊन चढण्याआधी पेला तपासावा. सापडलेले भुंगेरे वेगवेगळे ठेवावेत, नाहीतर ते एकमेकांचे पाय तोडतात. डबीला हवेची भोके हवीतच, कारण बंद डबीत त्याच्याच आम्लाची वाफ साठून किडा मरतो.

संग्रहासाठी नमुना हवाच असेल तर टाचणी उजव्या पंखातून घालावी. ठिपके बारीक केसांचे असल्याने मेलेल्या किड्याच्या अंगातून तेल सुटले की ते चिकटून काळवंडतात. अशा वेळी केवळ ठिपक्यांवरून ओळख पटवणे धोक्याचे. मात्र ओळखीसाठी बहुधा छायाचित्र पुरते: एक वरून, एक बाजूने, सोबत मोजपट्टी.

उडता येत नसल्यामुळे एखाद्या माळावरून हा भुंगेरा नाहीसा झाला, तर तिथे परत यायला त्याला चालतच यावे लागते. मधे खोल नांगरलेली शेते, रुंद रस्ते किंवा दाट लागवड असली की ही वाट तुटते. माळ ‘पडीक’ ठरवून त्यावर झाडे लावली जातात तेव्हा त्याच्या शिकारीची उघडी जमीनच झाकली जाते. म्हणून माळाच्या कोणत्याही पाहणीत त्याची नोंद तारीख, वेळ, मातीचा प्रकार आणि झुडपांची दाटी यांसह करावी.