प्लँक पाच मिनिटं, मग जोर का निघत नाहीत?

जोर, बैठका, डंबेल. सांधा हलतो, स्नायू आखडतो, पुन्हा लांबतो. हा गतिमान व्यायाम तुम्हाला ठाऊक आहेच, पुढे जाऊ. स्थिर व्यायामात स्नायू जोर लावतो पण सांधा जागचा हलत नाही: प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ धरून ठेवणं), भिंतीला पाठ टेकून घातलेली खुर्ची, मल्लखांबावर धरून ठेवलेली पकड. वाकून पायाचे अंगठे धरून बसणं यात येत नाही, ते स्ट्रेचिंग. हे दर वेळी सांगावं लागतं.

आता खरा घोळ. एक गट म्हणतो, न हलता ताकद येतच नाही. साफ चूक. जर्मनीत हेटिंगर आणि म्युलर यांनी 1953 मध्येच दाखवलं की रोज काही सेकंद जोर लावून धरलं तरी ताकद वाढते. (त्यांनी सांगितलेला वाढीचा वेग मात्र पुढच्या अभ्यासांत टिकला नाही.) दुसरा गट खुर्ची घालून थरथरतो आणि समजतो, पाय सगळीकडून तयार झाले. तेही चूक.

ताकद येते, पण मुख्यतः ज्या कोनात धरलंत त्या कोनात आणि पुढेमागे साधारण 15-20 अंशांत. गुडघे काटकोनात ठेवून महिनाभर खुर्ची घातलीत तर काटकोनातच भक्कम व्हाल. पंगतीत जमिनीवर बसून उठताना गुडघा पूर्ण दुमडलेला असतो. तिथे त्या खुर्चीचा उपयोग थोडाच. त्या एका स्थितीत स्नायूला किती जोराने चेतवायचं हे मज्जासंस्था शिकते, आणि ते शिकणं बरंचसं तिथेच राहतं. बैठक मात्र वरपासून खालपर्यंत सगळे कोन घेते. म्हणून निवड एकच करायची तर मी डोळे मिटून बैठका घेईन. धरायचंच असेल तर स्नायू ताणलेला असतो तिथे, म्हणजे खाली बसून, धरा; तो फायदा इतर कोनांतही जास्त पसरतो.

गुडघा दुखरा असेल, हलवायची सोय नसेल, तेव्हा मात्र स्थिर व्यायामच कामाचा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायला फिजिओथेरपिस्ट उगाच सांगत नाहीत.

फक्त दात-ओठ खाऊन श्वास कोंडू नका, रक्तदाब झपाट्याने चढतो. मोबाइलचा टायमर ठेवा बाजूला आणि आकडे मोठ्याने मोजा. बोलताना श्वास रोखता येत नाही.