रे मीकर आणि भाजलेली घरं: थोडी पार्श्वभूमी

पाँडिचेरीचे अमेरिकन सिरॅमिक कलाकार रे मीकर यांच्याबद्दल लिहिताना लोक त्यांच्या कामाचे सरळ दोन भाग पाडतात, आधी भांडी आणि मग मोठमोठी शिल्पं. मधला 1985 ते 1998 चा काळ "मातीच्या घरांचे प्रयोग" म्हणून एका ओळीत उरकतात. मला विचाराल तर सगळी गंमत त्याच ओळीत आहे, म्हणून सुरुवातीचं पटकन सांगून टाकतो.

आपल्याकडे स्टुडिओ पॉटरी, म्हणजे कलाकारानं स्वतःच्या छोट्या कार्यशाळेत केलेली भांडी, त्यांच्या आधीही होती, दिल्लीत जपानहून शिकून आलेल्या एका पंजाबी भूगर्भशास्त्रज्ञानं तिचा पाया घातलेला. मीकर कॅलिफोर्नियात आर्किटेक्चर आणि सिरॅमिक्स शिकून 1971 ला पाँडिचेरीत आले. तिथे श्री अरविंद आश्रमाच्या जागेवर गोल्डन ब्रिज पॉटरी ही कार्यशाळा उभी राहिली. सोबतीला जपानमधल्या बिझेन या कुंभारकामाच्या गावात उमेदवारी केलेली एक सहकारी होती, रोजच्या भांड्यांचं काम मुख्यतः ती बघायची, हे भट्ट्या बांधायचे आणि शिकवायचे. जळण सुरूच्या लाकडाचं, तापमान 1300 अंशांच्या आसपास. मुंबई-पुण्याच्या बऱ्याच पॉटर मंडळींचा हातही तिथेच बसलाय.

आता घरं. मूळ कल्पना एका इराणी आर्किटेक्टची, कच्च्या मातीचं घर बांधायचं आणि अख्खं घरच भाजून काढायचं. मीकरनी त्यात कुंभाराचा हिशोब घातला. भट्टीच्या भिंती तापवण्यात एरवी कितीतरी जळण फुकट जातं, मग भिंतीच घराच्या असल्या तर? कच्च्या विटांची कमान, मातीचाच सांधा, आत खच्चून कच्च्या विटा आणि टाइल्स रचायच्या, दारं-खिडक्या बुजवायच्या आणि तीन-चार दिवस जाळ चालू ठेवायचा. थंड झालं की आतला माल विकून जळणाचा खर्च काढायचा, मागे उरतं ते घर, तेही जवळपास सिमेंटशिवाय.

कागदावर फारच देखणं, पण अडचणी याच हिशोबात होत्या. जाळ आतून, त्यामुळे भिंतीची आतली बाजू पक्की होते आणि बाहेरची कच्ची राहू शकते, वर पावसाळा आहेच. कमान रचायला कसबी गवंडी लागतात. दर घरामागे विटांना गिऱ्हाईक शोधायचं, आणि ज्या गरिबासाठी हे चाललंय त्याला मुळात काँक्रीटचा स्लॅब हवा असतो, ही सगळ्यात मोठी गोची! लाकूड जाळण्यावर आक्षेप घेणारे विटभट्ट्यांचं जळण सोयीस्करपणे विसरतात असं मला वाटतं, पण स्लॅबच्या मुद्द्याला उत्तर नव्हतं. शेवटी ते काम थांबलं, काहींना ती हार वाटते.

मला नाही वाटत. त्यानंतरची शिल्पं बघा, माणसापेक्षा उंच, खांबांसारखी, पडक्या देवळाच्या तुकड्यांसारखी. एवढी जाड माती सावकाश सुकवायची, न तडकता भाजायची, हा धीर चहाचे कप करून येत नाही, तो घरं भाजूनच येतो. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या स्थानिक कामगारांनी पुढे स्वतःच्या भट्ट्या टाकल्या, आणि आज बाजारात "पाँडिचेरी पॉटरी" म्हणून मिळणारा बराचसा माल त्यांचा असतो. भांडी अशी गावभर झाली, घरं भाजायला मात्र आर्किटेक्ट अनुपमा कुंडूंसारखा एखादा अपवाद सोडला तर फारसं कोणी पुढे आलं नाही.