‘लाव्होरारे कॉन लेन्तेत्सा’ची पार्श्वभूमी : रेडिओ आलिचे

ग्वीदो किएझा यांचा ‘लाव्होरारे कॉन लेन्तेत्सा’, म्हणजे ‘सावकाश काम करा’, हा २००४ सालचा इटालियन चित्रपट इंदुरातील आम्ही काही मराठी मंडळी रविवारी एकत्र बसून पाहणार आहोत. ज्या घटनांवर तो उभा आहे त्या ठाऊक नसतील, तर त्यातील तरुणांची धडपड नुसता हूडपणा वाटण्याची भीती आहे. म्हणून हे टिपण.

इटलीत १९७६ पर्यंत रेडिओ ही ‘राई’ या सरकारी संस्थेची मक्तेदारी होती. ९ फेब्रुवारी १९७६ रोजी बोलोन्या शहरातील काही तरुणांनी रेडिओ आलिचे हे स्वतःचे केंद्र सुरू केले आणि त्याच वर्षीच्या जुलैत इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने स्थानिक प्रसारणापुरती ही मक्तेदारी घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ९ फेब्रुवारी १९९५ रोजी. तारखेचा हा योगायोग मला विलक्षण वाटतो. ‘मालवा हाऊस’ या इमारतीतील आकाशवाणी केंद्रावर वाढलेल्या इंदुरात २००१ साली खाजगी एफएम आले, गाणी आली, पण स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी त्याला मिळाली नाही.

आलिचेचे सारे मर्म नेमके तेथेच आहे. त्या केंद्रात टेलिफोन थेट प्रक्षेपणाला जोडलेला असे आणि जो कोणी फोन करील त्याचे बोलणे, कोणाचीही कात्री न लागता, जसेच्या तसे शहरभर ऐकू जाई. ११ मार्च १९७७ रोजी विद्यापीठ परिसरातील चकमकीत फ्रान्चेस्को लोरुस्सो हा विद्यार्थी पोलिसांच्या गोळीने ठार झाला आणि शहर पेटले, तेव्हा डोळ्यांसमोर काय घडते आहे ते लोक फोन करून सांगू लागले. हे केंद्र दंगलखोरांना दिशा दाखवत आहे, असा ठपका त्यावर आला. बोलोन्याची सत्ता कम्युनिस्ट पक्षाकडे होती, हे येथे ध्यानात ठेवायला हवे. डाव्या विचारांच्या या तरुणांचे भांडण प्रस्थापित डाव्यांशीही होते.

१२ मार्चच्या रात्री पोलीस दारावर आले तेव्हा प्रक्षेपण चालूच होते. आतली मुले वकिलांना बोलावण्यासाठी धडपडत होती, श्रोत्यांना दारावरच्या पोलिसांची खबर देत होती. पोलीस आत शिरले आणि आवाज बंद झाला. त्या शेवटच्या मिनिटांची ध्वनिफीत आजही ऐकता येते. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या भागात चिलखती गाड्या उतरल्या.