सेनेसन्स

सेनेसन्स म्हणजे वय होत जाईल तसं सजीवाचं, किंवा त्याच्या एखाद्या भागाचं, काम मंदावत जाणं. इंग्रजीतला जरा भारदस्त शब्द आहे, लॅटिन ‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा त्यावरून आलाय, सिनियर आणि सिनेट पण त्याच घरातले. आजोबा थकले हे सांगायला इंग्रजीत कोणी हा शब्द वापरणार नाही, तिथे साधं एजिंग चालतं, सेनेसन्स भेटतो तो बायोलॉजीत नाहीतर शेतीच्या अभ्यासात. आणि एजिंग तर वाइनचं पण होतं, चांगल्या अर्थाने, पण सेनेसन्स म्हटलं की घसरण आलीच.

झाडांमध्ये हे सगळ्यात छान दिसतं. पान पिवळं पडतं तेव्हा ते नुसतं मरत नसतं, झाड आधी त्यातलं हरितद्रव्य मोडतं, प्रथिनं मोडून नायट्रोजन काढून घेतं आणि तो खोडात किंवा भरणाऱ्या दाण्यात नेऊन ठेवतं, म्हणजे चांगली शिस्तीत आवराआवर चालू असते, झाडातलं इथिलीन हे हार्मोन ती लवकर सुरू करायला लावतं आणि सायटोकायनिन हे दुसरं हार्मोन लांबवतं. पिवळा रंग बहुतेक वेळा नवा नसतो, आधीपासून पानात असतोच, हिरवा गेला की दिसायला लागतो इतकंच. ज्वारीच्या काही वाणांत दाणे भरताना पाणी कमी पडलं तरी पानं बरेच दिवस हिरवी राहतात, त्याला स्टे-ग्रीन म्हणतात आणि कोरडवाहू भागासाठी ब्रीडर लोक हा गुण मुद्दाम शोधतात. घायपाताचं तर अख्खं झाडच एकदा फुलून वाळतं.

पेशींचं सेनेसन्स हे वेगळं प्रकरण. प्रयोगशाळेत पेशी नीट सांभाळल्या तर त्या कायम वाढत राहतात असं बरीच वर्षं मानलं जायचं, कारण अलेक्सिस कॅरेल या शास्त्रज्ञाने कोंबडीच्या पेशी वर्षानुवर्षं वाढवत ठेवल्याचं सांगितलं होतं. 1961 मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी साधारण 40 ते 60 वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात, मरत नाहीत, नुसत्या विभागायच्या बंद होतात. ही हेफ्लिक मर्यादा. मोठं कारण नंतर कळलं, गुणसूत्रांच्या टोकाचे टेलोमिअर प्रत्येक विभाजनात थोडे झिजतात (टेलोमिअर आणि ते परत लांबवणारं एन्झाइम टेलोमरेज यांच्या शोधाला 2009 चं नोबेल मिळालं), डीएनएला जबर इजा झाली तरी पेशी अशीच थांबते.

आता हे थांबणं वाईटच असं पण नाही, बिघडलेली पेशी वाढत सुटली तर कॅन्सर होईल, त्याला हा ब्रेक आहे, शिवाय जखम भरायला पण अशा पेशी मदत करतात. त्रास होतो तो त्या साचून राहिल्या की, कारण त्या आजूबाजूला सूज वाढवणारी रसायनं सोडत बसतात. त्या वेचून मारणाऱ्या औषधांना सेनोलिटिक म्हणतात, उंदरांवर निकाल चांगले आलेत, माणसांवर चाचण्या चालू आहेत, त्यामुळे तरुण करणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती सध्या तरी जाहिरातीच समजा.

हायड्रा या पाण्यातल्या इवल्याशा जीवासारख्या थोड्या प्राण्यांत मात्र वयानुसार घसरण जवळपास दिसतच नाही.